बेचाळीस अंश

रविवार, दिनांक १ डिसेंबर १९६८. दुपारचे बारा वाजून एकोणीस मिनिटे. अमळनेरजवळच्या आपल्या जुन्या शाळेच्या पटांगणात निवृत्त अभियंता हिलालराव तेरा रेषांच्या दगडी सूर्यघड्याळापुढे उभे होते. या गावी आज सूर्य नेमका याच मिनिटाला मध्यान्ही येतो, हे गणित त्यांनी घरूनच करून आणले होते. सावली बाराच्या रेषेवर हवी होती. ती पावणेदहावर पडली होती.

त्यांनी होकायंत्र काढले. चौथराच बेचाळीस अंशांनी फिरवलेला होता. फाटकाकडच्या बाजूला नवी संगमरवरी पाटी होती, तिच्यावर शाळेच्या कार्यकारी मंडळाची नऊ नावे. सातवे नाव लोटनचे. ते वाचून हिलालरावांना हायसे वाटले. सातवीत असताना वर्षभर दर रविवारी उन्हात बसून या रेषा दोघांनीच आखल्या होत्या.

एक वाजता मंडळाची सभा होती. लोटन व्हरांड्यातच भेटला.

"हिलाल, तू फक्त बोल," खांद्यावर हात टाकून तो म्हणाला. "मना हात पहिला वर जाई. बठ्ठा नऊ लोक तुले मानतस."

हिलालरावांनी सभेपुढे आराखडा उलगडला. दोन गवंडी, दोन पहारी, तीन तास; चौथरा पूर्ववत.

"नाना, घड्याळ गेले कुठे? जागेवरच आहे," अध्यक्ष निर्मलकुमार मृदूपणे म्हणाले. "तोंड तेवढे फाटकाकडे केले."

"पण ते खोटी वेळ दाखवते."

"शाळेला घंटा आहे, नाना. सावली बघून कोण येतो?"

हशा पिकला. लोटनही हसला, मग ओशाळून त्याने हिलालरावांचा गुडघा दाबला.

"मते घ्या," हिलालराव म्हणाले.

"घेऊ. पण हात नकोत, चिठ्ठ्या टाकू. जुने स्नेही समोर बसलेत, कुणाला संकोच नको."

हिलालरावांना ते पटले. चिठ्ठीत लोटनलाही कुणाची भीड उरणार नव्हती. लोटनने तळहाताच्या आडोशाने लिहिले, चिठ्ठीच्या चार घड्या घातल्या, ती अध्यक्षांपुढे टाकली आणि परत येऊन त्यांच्या कानाशी कुजबुजला, "एक मत तं पक्कं शे."

निर्मलकुमारांनी चिठ्ठ्या एकेक करून उघडल्या. चिटणिसांनी इतिवृत्तात नोंद केली : उपस्थित सभासद नऊ. चौथरा पूर्ववत करण्याच्या विरुद्ध नऊ. बाजूने शून्य.