खिडकीतली मोहरी

खिडकी उघडताच नाल्याचा भपकारा आत शिरला, तशी ज्ञानदा तोंड दाबून मोरीकडे धावली. सहावा महिना लागला तरी ओकाऱ्या थांबत नव्हत्या. दिवसभर तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव, पोटात मुरडा. सगळं त्या नाल्यामुळे, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

२००२ साली लग्न होऊन ती गिरीज गावातल्या वाडीत आली, तेव्हाच केळींमागचं पाणी काळंनिळं झालेलं होतं. वरच्या अंगाला कारखान्यांचे गाळे उभे राहिले होते, त्यांची सगळी घाण इकडेच उतरायची. त्यावरची बुळबुळीत साय पाहिली की तिच्या अंगावर काटा येई. आपलं बाळ या घाणीत रांगणार नाही, विरारला फ्लॅट घेऊ, असं तिनं नवऱ्याला, केयूरला, बजावलं होतं. पाण्यात विष आहे हे दाखव, उद्या घर सोडू, असं तो म्हणाला.

दाखवणं तिच्या हातातलं होतं. मुंबईच्या प्रयोगशाळेत ती मोहरीवरच काम करत होती. मुळांशी शिशासारखा जड धातू आला की मोहरीतलं एक जनुक जागं होतं आणि झाड तो धातू पानांत साठवू लागतं. धातू नसेल तर जनुक झोपून राहतं. तिनं एक कुंडी नाल्याकाठी ठेवली, तिला नाल्याचंच पाणी. दुसरी तुलनेसाठी ओटीवरच्या खिडकीत, सासऱ्यांच्या आरामखुर्चीशेजारी, फिल्टरच्या पाण्यावर.

सासरे जयवंतराव त्याच नाल्याकाठी राहून ठणठणीत होते. याचं श्रेय सासूबाई, मनोरमा, आपल्या काढ्याला देत. आलं, मिरी, गूळ आणि वैदूच्या पुडीतली राखाडी चिमूट. एकाच पातेल्यातला एक पेला सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी, एक सुनेच्या बाळासाठी. ज्ञानदाला त्याची शिसारी येई, पण इतक्या मायेनं दिलेलं नाकारणार कसं? ती कुरकुरली की सासूबाई सासऱ्यांचा रिकामा पेला पुढे धरत.

"बघ, हे कसे मुकाट पितात."

पानं तपासली आणि ज्ञानदा चक्रावली. नाल्याकाठच्या मोहरीत जनुक गाढ झोपलेलं. खिडकीतल्या मोहरीत टक्क जागं, आणि पानांत शिसं ठासून भरलेलं. कुंड्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिनं नव्या लावल्या. निकाल तोच. केयूर हसला, म्हणाला, तुझा नाला बिचारा निर्दोष निघाला.

ती रात्रभर तळमळली. खिडकीतल्या कुंडीला कोणीतरी हात लावत होतं, एवढं नक्की.

सकाळी सासूबाई बाजाराला गेल्यावर ती ओटीवर आली. नाक दाबून आपला काढा एका दमात संपवला, पेला कट्ट्यावर ठेवला आणि विचारलं, "बाबा, या मोहरीला फिल्टरच्या पाण्याशिवाय कोणी काही घालतं का?"

जयवंतरावांनी आधी फाटकाकडे पाहून घेतलं. मग चोरी पकडली गेल्यासारखे ओशाळं हसले.

"सासूला सांगू नकोस हां, पोरी. तिचा काढा मी एक दिवससुद्धा प्यालो नाही. तिची पाठ वळली की कुंडीत ओततो. तू कशी काय पितेस, देव जाणे."