दारातली तपासणी

"तोंड उघड, राजा," नुरिला म्हणाली.

एल्दियारने तोंड उघडलं. इतकं मोठं, की डोळे आपोआप मिटले. नुरिलाने आत टॉर्च मारली. घसा स्वच्छ होता. कालही स्वच्छच होता.

बालवाडीत रोज सकाळी ही तपासणी दारातच होते. घसा बघायचा, अंग चाचपायचं, केसांत उवा आहेत का ते बघायचं. नर्सने 'जा' म्हटलं की मूल आत, नाहीतर आल्या पावली घरी. बाहेर थंडीने नदी गोठली होती. रांगेतल्या सगळ्या पोरांची नाकं वाहत होती.

"याचं नाक वाहतंय," मागून कुणीतरी कानाशी बोललं. मुख्याध्यापिका गुलसारा असानोव्हना चहाचा पेला घेऊन उभ्या होत्या. "सर्दी लिही आणि पाठव परत. आज हुकला की महिना भरला. महिनाभर न आलेल्या मुलाचं नाव मला काढता येतं. कटकट मिटेल."

आजवर नुरिला त्यांचं ऐकत आली होती. कधी घसा लाल म्हणून, कधी अंगावर पुरळ म्हणून तिने या पोराला परत पाठवलं होतं. पुरळ नव्हतं. लोकरीचा गळपट्टा घासून मान लाल झाली होती, एवढंच.

एल्दियारला जन्मापासून डाउन सिंड्रोम होता. त्याचे आजोबा झुमाबाय रोज त्याला घसरगाडीत बसवून नदीपलीकडून ओढत आणायचे आणि तसंच ओढत परत न्यायचे. आत्ता नातवाचे हातमोजे मुठीत धरून ते भिंतीला टेकले होते. मिशांवरचं बर्फ वितळून दाढीत उतरत होतं.

"काय पोरी, सापडलं का आज काही?" त्यांनी विचारलं. "मला तर घरी काही सापडत नाही. मी पण रोज शोधतो."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. लेकीला घेऊन रांगेत उभी असलेली बर्मेत मात्र हसली नाही. तिचं बाजारात मोज्यांचं दुकान होतं आणि तिला उशीर होत होता.

"अक्सकाल, तुम्ही वडीलधारे, रागावू नका," ती म्हणाली, "पण आमच्या पोरांना लागलं म्हणजे?"

"काय लागेल?"

"हेच. याचं हे... जे आहे ते."

"लागलं तर बरंच की," म्हातारा म्हणाला. "हा कुणाच्या चहाड्या करत नाही."

आता सगळी रांग हसली. बर्मेतने आपल्या लेकीला, सेझिमला, पुढे ढकललं. "घ्या, हिला आधी बघा. मला जायचंय."

सेझिमच्या काखेतला थर्मामीटर ताप नाही म्हणत होता. नुरिलाने तिच्या मानेमागे, केसांखाली तळवा ठेवला. केस घामाने ओले होते. पोरीच्या तोंडाला स्ट्रॉबेरीचा वास येत होता.

"सकाळी काय प्यायलीस गं?"

"लाल औषध," सेझिम म्हणाली. "गोड असतं. रात्री मी तापले होते ना. आई म्हणाली, नर्सबाईंना सांगायचं नाही."

रांगेतल्या बऱ्याच जणी आपापल्या बुटांकडे बघू लागल्या. सकाळी औषध पाजायचं, दारातून पोर आत सरकवायचं, दुपारी ताप चढला की पुढचं पुढे, हे तिथे कुणाला नवीन नव्हतं.

"मग काय करू?" बर्मेत उसळली. "दुकान कोण उघडेल? तू उघडशील?"

"नाही उघडणार. पण दुपारी हिचा ताप चढेल तेव्हा ही वर्गात बाकीच्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली असेल. घरी ने हिला, बर्मेत. झोपव."

गुलसारा असानोव्हनांनी आवाज खाली आणला, पण रांगेला ऐकू गेलाच. "डोकं फिरलंय का तुझं? बालवाडीला यंदाचा कोळसा बर्मेतच्या दिराने पाठवलाय. सेझिम आत जाईल. तो मुलगा घरी जाईल."

नुरिलाने एल्दियारकडे बघितलं. त्याचं तोंड अजून उघडंच होतं. मिट असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मिट, राजा," ती म्हणाली. रुमाल काढून तिने त्याचं नाक पुसलं, रांगेतल्या बाकीच्यांचं पुसायची तसंच. "काही झालेलं नाही तुला. जा आत. लापशी निवतेय."

तो क्षणभर आजोबांकडे बघत राहिला. म्हाताऱ्याने नुसती मान हलवली. मग पोरगं दोन्ही हात पसरून धावत सुटलं, आणि आतून शिक्षिकेचा आवाज आला, "अरे, कोण आलं बघा!"

"नुरिला!" गुलसारा असानोव्हना म्हणाल्या. "उद्यापासून या दारात तू दिसणार नाहीस."

"उद्याचं उद्या. आज मी आहे."

"मीच काढते त्याला बाहेर." त्यांनी पेला खिडकीत आदळला आणि दाराकडे निघाल्या.

नुरिला उठली. तिने एक हात चौकटीला लावून दार अडवलं. दुसऱ्या हाताने बरणीतली जीभ दाबायची लाकडाची नवी पट्टी काढली.

"आत जाणाऱ्या प्रत्येकाची तपासणी होते, गुलसारा असानोव्हना. मोठ्यांची पण. तोंड उघडा."

कुणी हललं नाही. आत चमचे वाजू लागले होते. नुरिलाने टॉर्च लावली. उजेड गुलसारा असानोव्हनांच्या घट्ट मिटलेल्या ओठांवर पडला आणि तिथेच थांबला.