लाल कागदाखालचं नाव

पाटीवरचा लाल कागद अर्धा सुटून लोंबत होता. म्हाताऱ्या पुजाऱ्यानं खळीची वाटी पुढे केली.

"नवा चिकटवू, की काढूनच टाकू?"

"चिकटवा," सुतार म्हणाला.

बोटीनं आलेल्या चिनी लोकांनी स्वतःच्या डोक्यावर धड छप्पर नसताना हे देऊळ उभं केलं होतं. मागच्या खोलीत त्यांच्या पूर्वजांच्या लाकडी पाट्या होत्या, धुरानं काळवंडलेल्या. सुताराच्या घरच्या पाटीवर दोन नावं होती. वडलांचं उघडं, शेजारी आईचं, झाकलेलं. जिवंत माणसाचं नाव लाल कागदाखाली ठेवायची रीत होती; माणूस गेलं की कागद काढायचा. आई तिकडेच, चीनमधल्या गावी राहिली होती.

"अरे, तुझीच सत्तरी उलटली," पुजारी म्हणाला. "बोटीत चढलास तेव्हा बापाच्या कडेवर होतास."

"ती गेल्याचं कुणी कळवलंय का?"

"कळवायला तिकडे उरलंय कोण?"

"म्हणून काय मी माझ्या हातानं आईला मारू?"

पुजारी वाटीत ब्रश ढवळत राहिला.

सुताराची बायको खाली बसून डब्यातला भात काढत होती. वाडगं भरून तिनं सासऱ्यांच्या नावापुढे ठेवलं, आणि हात तसाच राहिला.

"अहो, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"झाकल्या नावाला नैवेद्य पोचत नाही ना?"

"नाही," पुजाऱ्यानंच उत्तर दिलं. "जिवंत माणूस आपलं आपण जेवतं."

"मग सासूबाई गेल्या असतील, तर..." ती अडखळली. "मामंजी जेवतात, आणि त्या शेजारी नुसत्या बसून असतात? इतकी वर्षं?"

सुतार पाटीजवळ गेला. त्यानं तो लाल कागद हळूहळू, फाटू न देता सोडवला.

खालची अक्षरं सोनेरी होती. धूर त्यांना शिवलाच नव्हता. वडलांच्या काळ्या नावाशेजारी ती आज सकाळी कोरल्यासारखी दिसत होती.

बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मग डब्यात पाहिलं. डबा रिकामा होता.

"थांबा हं, घरी जाऊन आणखी आणते."

"नको," सुतार म्हणाला. त्यानं वडलांपुढचं वाडगं दोन्ही हातांनी उचललं आणि आईच्या नावापुढे ठेवलं.

"आज बाबा थांबतील."