वीस अक्षरांची किल्ली

"मागचं लेबलच नाहीये, काका," दुकानातली बाई गेमचं खोकं उलटसुलट करत म्हणाली. "सिरियल नंबर त्याच्यावरच छापलेला असतो. तो नसेल तर हा गेम घेऊन काय वारा घालायचा?"

"मीच फाडलं असणार," काका म्हणाले. "त्या दिवशी रागाच्या भरात बरंच काही फाडलं होतं."

बाईने खोक्यावरून बोट फिरवलं. लेबलाच्या जागी रिकामा चौकोन होता, चारी बाजूंनी ब्लेडने कापावा तसा सरळ. रागावलेला माणूस इतका नेटका फाडतो होय, असं तिच्या मनात आलं. पण गिऱ्हाइकाच्या घरच्या भांडणात नाक खुपसायचं नाही, हा तिचा नियम होता.

कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं त्या रस्त्यावर चार होती. पण कोणी जुनापुराणा गेम आणि त्याची हरवलेली किल्ली अशी भानगड घेऊन आलं, की बाकीचे तिघे हसून याच दुकानाकडे बोट दाखवायचे. सिरियल नंबरला बाई किल्लीच म्हणायची. हिला त्यात कसली हौस होती कोण जाणे! कमाई बेताची आणि डोकेदुखी पोतंभर.

"गेम ज्याच्यावर बसवला होता तो कॉम्प्युटर आहे का? किल्ली एकदा टाकली की तो ती आपल्या पोटात लिहून ठेवतो."

काकांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क काढली आणि तान्ह्या बाळाला निजवावं तशी टेबलावर ठेवली.

"कोणाची?"

"मुलाची. एकोणीस वर्षांचा होता. या गेमवरूनच आमचं वाजलं. मी म्हटलं, दिवसभर खोटी गावं बांधत बसतोस, खरं एक तरी काम धड केलंस का? तो उठला आणि चालता झाला. चौथ्या दिवशी नदीकाठी त्याचे बूट आणि सदरा सापडला. तो नाही सापडला." काकांनी टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "सात वर्षांनी कोर्टाने तो मृत असल्याचा कागद दिला. त्यालाही आता पाच वर्षं झाली."

"मग आता हे कशाला, काका?" बाईने हळूच विचारलं.

"तो सारखा हाका मारायचा हो. बाबा, पाच मिनिटं या, नवा पूल बांधलाय. बाबा, बाजार बघा. मी एकदाही उठलो नाही, ताई. पाच मिनिटं ती काय! मरायच्या आधी ते गाव एकदा बघायचंय. बस्स."

"काकूंना नाही आणलं?"

"ती येत नाही. तिच्या मते तो आहे. मी कोर्टाच्या कागदावर सही केली तेव्हापासून या विषयावर आमचं बोलणंच बंद आहे."

बाईने स्क्रूड्रायव्हर उचलला. हात कामात असले की तिला बोलणं सोपं जायचं.

"हे बघा, गाव या डिस्कवर नाही. ते कंपनीच्या सर्व्हरवर असायचं. कंपनी केव्हाच बुडाली, पण जगभरातल्या काही वेड्यांनी पदरमोड करून तो सर्व्हर जिवंत ठेवलाय. जुनी गावं तशीच, जुने नियमही तसेच. ज्याची किल्ली, त्याचं गाव. त्याने ती कोणा मित्राला दिली नव्हती ना?"

"छे! खोक्याला कोणाला हात लावू द्यायचा नाही. आईलासुद्धा नाही."

"मग बरं. प्रत्येक खोक्याची किल्ली वेगळी असते आणि एका किल्लीवर एका वेळी एकच माणूस आत जातो. परवा दोन भाऊ आले होते, दोघांना एकाच किल्लीवर खेळायचं होतं. मी म्हटलं, एकाच शर्टात दोघं शिराल का रे?"

काका हसले. आल्यापासून पहिल्यांदाच.

डिस्क काही सरळ नव्हती. फिरताना खडखडली, दोनदा बंद पडली. बाईने तिला शिव्या घातल्या, मग लाडीगोडी लावली. पहिली किल्ली सापडली ती भलत्याच कुठल्यातरी प्रोग्रामची निघाली. डब्याची वेळ टळून गेली. काका स्टुलावरून हलले नाहीत, चहाही नको म्हणाले.

चारच्या सुमारास ती सापडली. वीस अक्षरं आणि आकडे. बाईने चिठ्ठीवर उतरवून दिली. काका प्रत्येक अक्षराखाली बोट धरून कितीतरी वेळ वाचत राहिले.

गेम बसायला अर्धा तास लागला. "टाकू का किल्ली?" बाईने विचारलं.

"मी टाकतो."

एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी किल्ली टाकली. एकदा चुकले, पुसून पुन्हा टाकली. मग हात मांडीवर घेऊन सावरून बसले. केसही उगाचच नीट केले.

स्क्रीनवर पट्टी सरकत गेली. लांबवर हिरवा डोंगर दिसला, त्याच्या पायथ्याशी नदी आणि नदीवर एक लांबलचक पूल. काका अर्धवट उठले. इतक्यात सगळं करडं झालं आणि मधोमध एक चौकट आली.

"काय झालं? काय लिहिलंय, ताई? मला बारीक दिसत नाही."

बाईने वाचलं. चिठ्ठी हातात घेऊन वीसच्या वीस अक्षरं स्क्रीनशी ताडून बघितली. पुन्हा वाचलं. मग तिची नजर खोक्यावरच्या त्या सरळ कापलेल्या चौकोनावर गेली आणि तिथेच राहिली.

"किल्ली चुकली का? स्पष्ट सांगा, मला सवय आहे."

"किल्ली बरोबर आहे, काका," बाई म्हणाली. "इथे लिहिलंय, या किल्लीवर एक खेळाडू आत्ता आत आहे. थोड्या वेळाने पुन्हा या."