सगळ्यांनी एकाच रात्री

डॉक्टर लतिका यांनी शामरावांच्या बोटांच्या बेचक्यांवर भिंग धरलं आणि लगेच सांगितलं, "खरूज आहे, काका."

शामरावांनी हात मागे घेतला. "आमच्याकडे? मी दोन वेळा आंघोळ करतो."

"आंघोळीचा संबंध नाही. हे माणसाकडून माणसाला येतं. कुणालाही होतं."

शामरावांना ते पटलं नाही. हा शब्द त्यांनी लहानपणी शाळेत ऐकला होता, आणि तेव्हा तो आजाराचं नाव म्हणून नाही, शिवी म्हणून उच्चारला जायचा. त्यांनी सोबत आणलेली पिशवी टेबलावर रिकामी केली. औषधी साबण, कापराचं तेल, केमिस्टने दिलेलं गजकर्णाचं मलम. डॉक्टरांनी सगळं बाजूला सारलं.

"हे बंद करा. या मलमाने तर वाढलंय. काकू, तुमचे हात बघू."

कमलाबाईंना मघापासून खुर्चीत धड बसवत नव्हतं. कमरेची खाज त्या पदराआडून दाबत होत्या. त्यांनी हात पुढे केले. डॉक्टरांनी मनगटं पाहिली, कोपरं पाहिली.

"तुमचं यांच्यापेक्षा जुनं आहे. यांना तुमच्याकडून आलं. मनगटांवर, कोपरांवर जास्त आहे, बाळ धरतो तिथे. घरात लहान बाळ आहे का?"

"नाही," शामराव म्हणाले. "आम्ही दोघं आणि मुलगा अभय."

"मग बाहेर कुणाचं बाळ घेता का कडेवर?"

"ही कुठे जात नाही. मंगळवारी विहारात जाते, बायकांच्या वर्गाला. तेवढंच."

कमलाबाईंना दोन इवले तळवे दिसत होते, पाण्याच्या फोडांनी भरलेले. परवाच पाहिले होते. पोर पायावर पाय घासत होतं, दूध सोडून रडत होतं, आणि दीपिका म्हणत होती, घामोळं असेल गं आई. पावडरचा डबा तिने अर्धा संपवला होता. आत्ताही लावत असेल.

"बाळ आहे एक," त्या म्हणाल्या. "सात महिन्यांचं."

"कुणाचं?" हे शामरावांनी विचारलं.

"दीपिकाचं."

त्यांच्या मुलीने मार्कशी चर्चमध्ये लग्न केलं, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून शामरावांनी घरात तिचं नाव घेतलं नव्हतं.

"म्हणजे मंगळवारी..."

"ठाकूरद्वारला जाते. ती बाळंत झाल्यापासून."

शामरावांनी शर्टाच्या बाहीची बटणं लावली. एक लागेना, ते तसंच सोडून ते बाहेर गेले. त्यांच्यामागे दार लोटलं गेलं, पण पूर्ण लागलं नाही.

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं आणि मग कागद पुढे ओढला. "मुलीच्या घरी कोण कोण आहे?"

"ती, जावई आणि विहीणबाई." विहीणबाई हा शब्द कमलाबाईंच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता. "सेसिलियाबाई."

"मग नीट ऐका. दोन्ही घरांतल्या सगळ्यांनी एकाच रात्री हे लोशन लावायचं. मानेपासून तळपायांपर्यंत, एक बोटभर जागा सोडायची नाही. सकाळी धुवायचं. आठवड्याने पुन्हा. चादरी, अभ्रे, कपडे गरम पाण्यात. एक घर जरी राहिलं तरी ते फिरून दुसऱ्या घरात येणार. आणि बाळाला आज संध्याकाळी घेऊन या. त्याचं मी बघितल्याशिवाय सांगणार नाही."

"इथे? परळला?"

"इथेच. काय अडचण आहे?"

"नाही, नाही." कमलाबाईंनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "खाज कधी थांबेल?"

"किडे मेले तरी दोन-तीन आठवडे राहते. घाबरायचं नाही. साधं मॉइश्चरायझर लिहून दिलंय, ते लावत राहा."

बाहेरच्या बाकावर शामराव नव्हते. कमलाबाई घाईघाईने जिना उतरल्या. ते खाली फुटपाथवर उभे होते आणि मनगट करकरा खाजवत होते. चारचौघांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"नाव काय ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

"गॅब्रिएल."

"बाप्तिस्मा?"

"झाला."

त्यांनी मान हलवली. जणू ते ठाऊकच होतं. मग म्हणाले, "दर मंगळवारी मी तुला विचारायचो, आज वर्गात काय शिकवलं. तू सांगायचीस. चांगलं तासभर सांगायचीस."

कमलाबाई म्हणाल्या, "त्याला आणायला जायचंय. येताय?"

"नाही."

"अहो, बाळ कळवळतंय तिकडे."

"तू जा ना. तुला कोण अडवतंय? मी घरी जाऊन चादरी गरम पाण्यात घालतो."

ते वळले आणि चाळीच्या दिशेने चालू लागले. कमलाबाईंनी दोन्ही घरांसाठी औषध घेतलं आणि मिळाली ती बस पकडली. बसमध्ये खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. राहवेना म्हणून त्यांनी कंबर खाजवली, तशी शेजारची बाई जरा सरकून बसली. दीपिकाला काय सांगायचं, सेसिलियाबाईंना हा आजार कुठल्या तोंडाने सांगायचा, याची त्या मनात जुळवाजुळव करत होत्या. भायखळा मागे पडला आणि फोन वाजला.

"पोचलीस?" शामरावांचा आवाज. मागे बादलीत नळाचं पाणी धो धो पडत होतं.

"नाही अजून."

"त्याची नखं वाढलीत का?"

"वाढलीत. गालावर ओरखडे काढून घेतलेत त्याने. दीपिका कापायला घाबरते, तो हात हलवतो म्हणून."

पलीकडे नळ बंद झाला.

"झोपला की कापायची," शामराव म्हणाले. "एकेक बोट नाही धरायचं, त्याने जाग येते. अख्खी मूठ आपल्या हातात घ्यायची आणि मग एकेक बोट सोडवायचं. तिची मी तशीच कापायचो. सांग तिला."