पौर्णिमेची सहल

आम्ही रेवसचे कोळी. सत्तावन्न साली सबनीस साहेबांनी माझ्या आईला, वेणूबाईला, मुंबईच्या लाँचमधून मासळीच्या पाटीसकट धक्क्यावर उतरवलं होतं. "हिच्या अंगाला वास येतो," एवढंच म्हणाले. पाटीतली पापलेटं त्या दिवशी उन्हात नासली.

पुढच्या वर्षी तेच साहेब बायको-मुलींसह सहलीला जाण्यासाठी बाबांचा मचवा ठरवायला आले. आईला त्यांनी ओळखलंही नाही. सकाळी दहाला निघायचं, खांदेरी बघायची, उंदेरीवर जेवायचं, संध्याकाळी सहाला परत, असं सगळं कागदावर लिहून आणलं होतं. दिवस होता पौर्णिमेचा. पौर्णिमेला संध्याकाळी सहाला आमच्या खाडीत पाणी नसतं, नुसता चिखल असतो. बाबा ते सांगणार, तोच आई म्हणाली, "सायबांनी लिवलंय ना? मंग तसंच होऊ द्या."

परतताना मचवा धक्क्यापासून शंभर पावलांवर रुतला. त्या चिखलात नवखा माणूस कमरेपर्यंत जातो. बाबा सुकाणू धरून बसले. आई लुगडं खोचून उतरली आणि साहेबांच्या बायकोला, मग दोन्ही मुलींना, एकेकीला पाठीवर घेऊन धक्क्यावर पोचवून आली. चौथ्या खेपेला पांढऱ्या पाटलोणीतल्या साहेबांनी हात पुढे केले.



"तुमी भरतीची वाट बघा, सायेब," आई म्हणाली. "माज्या अंगाला वास येतो."