डायनामोचा बिघाड

वामनरावांनी ओट्यावरूनच देवराव मास्तरांची सायकल अडवली.

"मास्तर, तुमच्या सायकलीचा दिवा रोज दिवेलागणीले आमच्याच दारापाशी कावून इझते?"

मास्तर वाकून दिव्याकडे बघू लागले. तेवढ्यात घरातून वामनरावांची मनकर्णा घाईघाईनं बोलली, "बाबा, त्यायचा डायनामो बिघडला असन!"

आजच आठवीच्या पोरांना हाच धडा शिकवून आलेल्या मास्तरांना हे काही सहन झालं नाही. "बिघडला? अवो, चाकासंगं आतला चुंबक फिरते, तवाच तारेत वीज तयार होते. डायनामो एकदम चांगला आहे. चाक थांबलं की दिवा इझणारच!"

"अस्सं," वामनराव म्हणाले. "मंग चाक रोज इथंच कावून थांबते?"

आतून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.